उंबराचं फूल नेमकं कधी आणि कसं पाहायचं?

नदीकाठ
बरेच दिवस न दिसलेल्या माणसाला आपण सहज म्हणतो, "काय, उंबराचं फूल झालात!" फूल दिसत नाही म्हणून ही म्हण पडली. ते फळाच्या आत असतं हे शाळेतच कळतं. पण लालबुंद पिकलेलं उंबर फोडून पाहिलं तर फूल काही दिसत नाही. दिसतो तो गर, बारीक बिया आणि मेलेली चिलटं. मग फूल म्हणावं असं काही दिसण्याची वेळ कोणती? उंबर केवढं झाल्यावर कापायचं? आणि ती चिलटं आत जातात कुठून, पिकल्यावर की आधीच? कुणी पायरीपायरीनं सांगाल का?

पानगळ
उंबराचं फूल मध्यरात्री उमलतं आणि ज्याला दिसतं त्याला धन मिळतं, असं आजीच्या पिढीत सांगत. म्हणजे प्रश्न जुनाच आहे. वाचतेय.

भिंगवाला
नदीकाठ, पिकलेलं उंबर हा सिनेमाचा शेवट आहे. दार उघडून आत शिरलात तेव्हा पडद्यावर नावं चालू होती.

आपण ज्याला फळ म्हणतो तो मुळात फुलोरा आहे. मराठी वनस्पतिशास्त्रात याला कुंभासनी फुलोरा म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे. एखादा मडका घ्या आणि त्याला आतल्या बाजूनं हजारो फुलं चिकटवा, तसं. मडक्याला तोंड असतं. देठाच्या विरुद्ध टोकाला जी बारीक बेंबी दिसते तेच ते तोंड. ते खवल्याखवल्यांनी बंद असतं, एकावर एक कौलं बसवावीत तसं.

कापायची वेळ दोनदा येते, कारण आत दोन वेगवेगळे बहर असतात. आधी मादीफुलं तयार होतात. तेव्हा उंबर हिरवं, टणक, साधारण बोराएवढं असतं. नरफुलं पिकतात त्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी, थंडीत आणखी उशिरा. तोवर उंबर आकारानं मोठं झालेलं असतं पण मऊ पडलेलं नसतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते लाल आणि मऊ होतं, आणि आपण नेमकं तेव्हा फोडतो.

साहित्य: धारदार पातळ पातं (दाढीचं चालेल), दहापट मोठं दाखवणारं भिंग, काळा कागद, खोबरेल तेल. पात्याला आणि बोटांना आधी तेल लावा. उंबराचा पांढरा चीक भिंगाला लागला तर निघता निघत नाही, आणि काहींच्या कातडीला त्यानं खाज सुटते. कापताना उभं कापा, देठापासून बेंबीच्या बरोबर मधून. आडवं कापलं तर तोंडाची रचना तुटते आणि निम्मी गंमत जाते. कापल्यावर चीक टिपकागदानं टिपा, पुसू नका. पुसलं की फुलं आडवी होतात.

चिंचोका
"एखादा मडका" नाही हो, "एखादं मडकं". बाकी प्रतिसाद जपून ठेवला आहे.

भिंगवाला
मान्य. मडकं.

कृत्तिका
पहिल्या टप्प्यात काय शोधायचं ते जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं कापलं तर गुलाबी-पांढऱ्या केसांचा गालिचा दिसतो आणि माणूस "एवढंच?" म्हणतो.

तो गालिचा म्हणजे मादीफुलांच्या कुक्षी, पराग झेलणारी टोकं. भिंग डोळ्याजवळ धरा आणि कापलेली फोड भिंगाकडे आणा. हळूहळू एकेक फूल सुटं दिसायला लागतं. सुईनं चार-पाच फुलं खरवडून काळ्या कागदावर ठेवा. काहींची मान लांब असते आणि ती भिंतीला जवळजवळ बिलगून बसलेली असतात, काहींची मान आखूड आणि त्यांचा अंडाशय आतल्या पोकळीकडे उचललेला असतो. याच फरकावर पुढचं सगळं घडतं. कीटकाची मादी फुलाच्या मानेतून अंडी घालायची नळी आत सरकवते. आखूड मानेच्या फुलात नळी तळाशी पोचते, तिथे अंडं घातलं जातं आणि त्या फुलाची गाठ होते. लांब मानेत नळी साधारणपणे पुरत नाही, पण पराग पडलेला असतो, म्हणून तिथे बी धरतं. झाडाला बिया मिळतात, कीटकाला पिल्लं.

आता बेंबीकडे बघा. खवल्यांच्या फटीत पारदर्शक, अभ्रकाच्या कपच्यांसारखं काही अडकलेलं दिसलं तर ते कीटकाचे पंख आहेत. आत शिरताना वाट इतकी अरुंद असते की पंख तुटून बाहेरच राहतात, बऱ्याचदा मिशांचे तुकडेही. ती मादी परत बाहेर येत नाही. नदीकाठ, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच: पिकल्यावर नाही, उंबर बोराएवढं हिरवं असतानाच ती शिरते.

माळरान
कीटकाचं नाव गाव?

कृत्तिका
उंबराचा सेराटोसोलेन फुस्सिसेप्स. दिसायला चिलटासारखा, पण चिलट नाही. गांधीलमाशी, मधमाशी, मुंगी यांच्या गणातला आहे. चार पंख असतात, लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास. झाडाखाली कुजणाऱ्या उंबरांवर लाल डोळ्यांच्या ज्या माश्या घोंघावतात त्या फळमाश्या. त्यांना दोनच पंख असतात आणि परागीभवनाशी त्यांचा काही संबंध नाही. हा घोळ खूप ठिकाणी होतो.

बाकी वडाचा कीटक वेगळा (युप्रिस्टिना मासोनी), पिंपळाचा वेगळा. जगात वड-पिंपळ-उंबरांच्या या प्रजातीत (फायकस) साडेसातशेच्या वर जाती आहेत आणि बहुतेकांचा स्वतःचा कीटक ठरलेला आहे. उंबराचा कीटक वडात जाऊन काही करू शकत नाही.

अर्धाचंद्र
हे वाचून एक शंका. झाडाखाली हिरव्या कच्च्या उंबरांचा सडा पडतो, त्याला लोक कीड लागली म्हणतात आणि औषध फवारतात. ती कीड की हा कीटक?

भिंगवाला
बहुतेक वेळा उलटं असतं. कीटक आत *गेला नाही* म्हणून उंबरं गळतात. परागीभवन झालं नाही की झाड तो फुलोरा पोसत नाही, टाकून देतं. गळलेल्यांपैकी पाच-सहा उभी कापून बघा: आत गाठी नाहीत, बिया भरलेल्या नाहीत, नुसता तपकिरी पडलेला गालिचा असेल तर कीटक पोचलेला नाही. कीटकनाशक फवारलं तर पुढच्या बहरात गळ आणखी वाढणार. हा कीटक बाहेर जेमतेम एक-दोन दिवस जगतो, तेवढ्यात त्याला दुसरं झाड गाठायचं असतं. त्या दोन दिवसांत औषधाचा थर लागला की संपलं. कृपा करून उंबरावर फवारणी करू नका, शेजारच्या बागेवर करायची असेल तर निदान वारा बघून करा.

देवराई
अर्धं मान्य, अर्धं नाही. गळ होण्याला पाण्याचा ताण आणि माकडंही कारण असतात. माकडं चावून टाकतात त्यावर दातांच्या खुणा दिसतात. पाण्याच्या ताणानं गळलेलं उंबर सुरकुतलेलं असतं. टणक, गुळगुळीत, पिवळट पडून गळालेलं असेल तर भिंगवाला म्हणतात ते कारण. तीन ढीग वेगळे करून मग ठरवा.

भिंगवाला
बरोबर, तीन ढिगांची पद्धत चांगली आहे. माझ्या "बहुतेक वेळा"ला तेवढी दुरुस्ती जोडतो.

शेंदाड
"दुसरं झाड गाठायचं असतं" असं का? त्याच झाडावर शेकडो उंबरं असतात की.

कृत्तिका
कारण एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वयाची असतात. ज्या दिवशी एका उंबरातून कीटक बाहेर पडतात, त्या दिवशी शेजारच्या घोसातली मादीफुलं कधीच उलटून गेलेली असतात. म्हणून त्या परिसरात वेगवेगळ्या वेळी बहरणारी बरीच झाडं लागतात. एकटं उंबर उभं ठेवून आजूबाजूची तोडली की काही वर्षांत त्याचीही फळधारणा ढासळू शकते. नमिबियाच्या वाळवंटात उंबराच्याच भाऊबंदांपैकी एका जातीवर अभ्यास झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे कीटक वाऱ्यावर स्वार होऊन १६० किलोमीटर अंतरावरच्या झाडांपर्यंत पराग पोचवतात असं झाडांच्या आनुवंशिक तपासणीतून निघालं. दोन मिलिमीटरचा जीव!

पानगळ
१६० किलोमीटर म्हणजे पुण्याहून मुंबई गाठून वर थोडं.

सांगलीकर_वाचक
थोडं विषयांतर. जैन श्रावकाचाराच्या (गृहस्थांनी पाळायच्या आचाराच्या) ग्रंथांत पाच उदुंबर फळं वर्ज्य सांगितली आहेत: वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठुंबर. मद्य, मांस, मध यांच्या त्यागाबरोबर ही पाच धरून आठ मूलगुण होतात. कारण दिलेलं आहे की या फळांत हलणारेचालणारे जीव असतात. भिंग नसलेल्या काळात पाचही एकाच गटातली झाडं बरोबर ओळखून काढली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

माळरान
खरंच मोलाचं. मग अंजिराचं काय? अंजीरही त्याच कुळातलं. शाकाहाऱ्यांनी खावं की नाही यावर दर सहा महिन्यांनी निरोप फिरत असतात.

भिंगवाला
अंजिराच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गोंधळ मिटतो.

आपल्याकडचं पुणे अंजीर, म्हणजे पुरंदर भागात खट्टा बहार आणि मीठा बहार अशा दोन हंगामांत घेतात ते, त्याला परागीभवन लागतच नाही. फळ तसंच धरतं. त्यामुळे आत शिरून मेलेला परागीभवन करणारा कीटक असण्याचं कारण नाही. दाताखाली कुरकुरतं ते बियांचं कवच, आणि त्या बिया आतून पोकळ असतात. (पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.)

तुर्कस्तानातलं स्मर्ना जातीचं अंजीर वेगळं. त्याला रानटी नर झाडावरचा कीटक लागतोच. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात स्मर्नाची झाडं नेऊन लावली तर सगळी फळं कच्चीच गळायची. शेवटी १८९९ मध्ये कीटकासकट नर अंजिरं नेऊन बसवली तेव्हा फळ धरलं. अर्धाचंद्र, तुमच्या गळीचंच हे मोठं उदाहरण. या जातीत मादी कीटक फळात शिरते, फुलांच्या लांब मानांमुळे तिला अंडी घालता येत नाहीत आणि ती तिथेच मरते. म्हणजे एखाददुसरा कीटक आत असतोच.

तिसरं, "अंजिरातलं विकर कीटकाला पूर्ण विरघळवून टाकतं" हे जे लिहितात ते अर्धवट आहे. फिसिन नावाचं विकर असतं हे खरं, पण ते प्रथिनं तोडतं. कीटकाचं कवच कायटिनचं असतं, त्यावर फिसिनची मात्रा चालत नाही.

सांगलीकर_वाचक
धन्यवाद. पुणे अंजिराबद्दलचं नेमकं उत्तर पहिल्यांदाच वाचलं. तरी पिकलेल्या अंजिराच्या बेंबीतून मुंग्या आणि छोटे भुंगेरे शिरतात, ते वेगळं. फोडून, उजेडात बघूनच खावं.

तांबट
उंबराकडे परत येऊ. कीटक बाहेर पडताना पाहायचे असतील तर काचेच्या बरणीची युक्ती आहे, पण ती बऱ्याच जणांची फसते. का फसते ते सांगतो.

एक, उंबर लवकर तोडतात. आत नर-मादी गाठीतून निघायच्या आधीच तोडलं तर दोन-तीन दिवसांत उंबर सुकतं आणि काहीच बाहेर येत नाही. पूर्ण वाढलेलं, हिरव्यावर किंचित पिवळी-तांबूस झाक आलेलं, पण दाबलं तर टणक आणि *भोक नसलेलं* उंबर हवं. बेंबीच्या आसपास टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं तर उशीर झाला.

दोन, बरणीला झाकण घट्ट लावतात. उंबराच्या ओलाव्यानं काच आतून घामेजते आणि कीटक थेंबांना चिकटून मरतात. तोंडाला मलमलचं फडकं आणि रबर लावा, तळाशी कोरा कागद घाला, दोन-तीनच उंबरं ठेवा. उन्हात ठेवू नका.

तीन, जाळीचं फडकं वापरतात. मच्छरदाणीच्या भोकातून हे कीटक सहज निघून जातात. मलमलच हवी, तीही दुहेरी.

सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे तोडूच नका. घोसावर मलमलची पिशवी चढवून देठाशी सैल दोरी बांधा आणि रोज सकाळी बघा.

शेंदाड
भोक कोण पाडतं? ज्या वाटेनं आई आत गेली त्याच वाटेनं पिल्लं का येत नाहीत?

तांबट
ती वाट तोवर मिटलेली असते. भोक नर पाडतात. नर आधी निघतात: फिकट पिवळसर, पंख नसलेले, वाकडे, मजबूत जबड्यांचे. माद्या अजून गाठींत बंद असतानाच नर गाठीला छिद्र पाडून मीलन करतात. मग सगळे नर मिळून भिंत पोखरून बोगदा काढतात आणि मरून जातात. बंद उंबरात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, बोगदा पडला की तो उतरतो. मग माद्या पिकलेल्या नरफुलांतून पराग गोळा करतात. तो अंगाला चुकून चिकटत नाही. छातीच्या खालच्या अंगाला खास खिसे असतात, पुढच्या पायांनी त्यांत भरून घेतात, आणि पुढच्या उंबरात गेल्यावर त्यातून काढून फुलांवर टाकतात.

बरणीत जर लांबलचक दोरीसारखी शेपटी असलेले कीटक निघाले तर ते परागवाहक नाहीत. सायकोफागा, अपोक्रिप्टा वगैरे. ते आत शिरतच नाहीत. बाहेरून उंबराच्या भिंतीत ती 'दोरी' खुपसून अंडी घालतात. काही फुलांवर जगतात, काही आधीच्या कीटकांच्या पिल्लांवर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अपोक्रिप्टाच्या त्या नळीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या टोकाला करवतीसारखे दाते आणि त्या दात्यांत जस्त असतं, म्हणून केसाइतकी बारीक असूनही ती टणक भिंत भेदते. हिरव्या उंबरावर दुपारी भिंग धरून पाच मिनिटं थांबलात तर ही भोकं पाडण्याची क्रिया बाहेरूनच बघायला मिळते. काहीही कापायला नको.

चिंचोका
आणि खोडावर तांबड्या मुंग्या असतील तर त्या या कीटकांवरच टपलेल्या असतात. आधी मुंग्या बघा, मग हात घाला.

देवराई
झाड ओळखण्यात चूक होऊ नये म्हणून एक पुरवणी. काळा उंबर, ज्याला भुईउंबर किंवा बोखाडाही म्हणतात (फायकस हिस्पिडा), त्याला लोक उंबर समजून कापतात. त्याची पानं खरखरीत, समोरासमोर जोडीनं येतात. उंबराची पानं गुळगुळीत, एकाआड एक. हा फरक महत्त्वाचा, कारण काळ्या उंबरात झाडंच वेगवेगळी असतात: एका झाडाच्या फळांत फक्त बिया, दुसऱ्याच्या फळांत कीटक आणि पराग. तिथे एका फळात दोन बहर शोधत बसाल तर सापडणार नाहीत.

जुनी पुस्तकं चाळत असाल तर उंबर 'फायकस ग्लोमेराटा' या नावानं शोधा. रॉक्सबरो या वनस्पतिशास्त्रज्ञानं दिलेलं ते नाव वनौषधींच्या जुन्या पुस्तकांत आहे. लिनियसचं १७५३ चं 'रेसिमोसा' हे नाव आता ग्राह्य धरतात.

पानगळ
उंबर असेल तिथे पाणी लागतं, हे?

देवराई
वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधण्याचं प्रकरण आहे, सहाव्या शतकातलं. त्यात उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर अडीच पुरुष (माणसाच्या उंचीवरून धरलेलं माप) खोलीवर गोड पाण्याची शीर सांगितली आहे. उंबर ओढ्याकाठचं, ओलाव्याचं झाड हे खरंच. पण पक्ष्यांनी बी टाकलं तर ते विहिरीच्या कठड्यात आणि गटारीच्या भिंतीतही उगवतं. म्हणून एकट्या झाडावरून विहीर खणायला घेऊ नये. ओळीनं चार-पाच जुनी झाडं असतील तर त्या ओळीकडे लक्ष द्यावं.

अर्धाचंद्र
बियांवरून रोप करायचं तर? गर पेरला की बुरशी येते.

देवराई
गरच पेरू नका, तिथेच चुकतं. पूर्ण पिकलेली उंबरं पाण्यात कुस्करा, दोन-तीनदा पाणी बदला. तरंगतं ते टाका: त्यात रिकाम्या गाठी आणि पोकळ बिया असतात. तळाला बसतं ते भरीव बी. सावलीत वाळवा. बारीक वाळू आणि चाळलेलं कंपोस्ट समप्रमाणात, वर बी नुसतं भुरभुरवा, मातीनं झाकू नका, या बियांना उजेड लागतो. झारीनं पाणी घातलं तर बी वाहून जातं, म्हणून कुंडी ताटलीत ठेवून खालून पाणी चढू द्या. रोपं चार पानांची होईपर्यंत दाटीत ठेवू नका, नाहीतर बुडाशी कुजून एका रात्रीत आडवी होतात.

नदीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं राहिलं. मादीफुलांचा टप्पा समजला. नरफुलं दिसायला नेमका कोणता दिवस, आणि ती मडक्यात कुठे असतात?

कृत्तिका
बेंबीच्या लगत, आतून, कड्यासारखी. प्रत्येकात दोनच पुंकेसर. बाकीच्या भिंतीवर शोधू नका, तिथे गाठी आणि बियाच आहेत.

दिवस हुकू नये म्हणून असं करा. बोराएवढ्या उंबरांचा एक घोस निवडा, फांदीला रंगीत दोरा बांधा. दर चौथ्या दिवशी त्यातलं एकच उंबर उभं कापा. गालिचा गुलाबी-पांढरा आणि टवटवीत दिसला तो मादीफुलांचा दिवस, तारीख लिहून ठेवा. तिथून तीन आठवडे कापू नका, घोस संपून जाईल. चौथ्या आठवड्यापासून परत रोज सकाळी बाहेरून पाहा. ज्या दिवशी घोसातल्या एखाद्या उंबराला पहिलं भोक दिसेल, त्याच दिवशी त्याच्या *शेजारचं*, भोक नसलेलं उंबर कापा. बेंबीकडचा भाग काळ्या कागदावर उलटा धरून हलकेच टिचकी मारा. पिठासारखी फिकट धूळ पडली तर तो पराग. आणि त्याच वेळी माद्या फिरताना दिसल्या तर फोड लगेच मिटवून झाडाखाली सावलीत ठेवा, म्हणजे त्या भरलेल्या खिशांनिशी उडून जातील.

नदीकाठ
ओढ्याकडच्या झाडाला आज दोरा बांधला. उंबरं सध्या वाटाण्याहून थोडी मोठी आहेत.

तांबट
मग पहिलं पुढच्या आठवड्यात कापा. खोबरेल तेल विसरू नका.